खोडदची 'जत्रा': एका प्रतिक्रियेला उत्तर

'निरीक्षक', नमस्कार.

पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटीवरच्या, म्हणजे मोठमोठ्या तबकड्यांनी आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: 'लेख भाबडा आहे. तबकड्यांची रचना चुकीची दिली आहे. विज्ञान दिनाला शाळेची पोरं गाड्या भरभरून न्यायची आणि तबकड्या दाखवून आणायची, ही जत्रा झाली, विज्ञान नव्हे. आणि गावाला यातून काय मिळालं?'

चूक आधी कबूल करतो. 30 तबकड्या 'सारख्या अंतरावर' आहेत असं मी लिहिलं होतं, ते बरोबर नाही. 14 तबकड्या मध्यभागी एखाद्या चौरस किलोमीटरमध्ये दाटीने उभ्या आहेत आणि बाकीच्या 16 वाय अक्षरासारख्या तीन शाखांवर दूरवर गेल्या आहेत. दुरुस्ती केली. पण हे 'एकदा तपासून घ्या' एवढ्यात सांगता आलं असतं. 'भाबडा' कशासाठी? चौदा वर्षं मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतोय. मुलांच्या चुकासुद्धा मी या भाषेत काढत नाही.

आता 'जत्रा'. हा शब्द मला लागला, ते लपवत नाही.

मी खोडदला पहिल्यांदा गेलो तो आठवीत, असाच गाडीत कोंबून. 45 मीटर व्यासाची तबकडी डोक्यावर आली आणि दिसलं की तिच्यातून आभाळ दिसतंय! पत्रा नाहीच, नुसती तारेची जाळी. तिथल्या एका इंजिनिअरकाकांना मी विचारलं, "यातून पाऊस गळतो, मग लहरी कशा अडतात?" आमचे सर मागून डाफरले. काकांनी मात्र जाळीचा एक तुकडा माझ्या हातात दिला. "भोक केवढं आहे?" सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर असेल. "आणि आम्ही ज्या लहरी पकडतो त्या? हायड्रोजनच्या लहरीची लांबी 21 सेंटीमीटर. काही तर दोन-दोन मीटर. त्यांना ही जाळी पत्र्यासारखीच. वारा तेवढा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला." ताणलेल्या स्टीलच्या दोरांवर जाळी बसवायची ही युक्ती रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची, आणि त्यामुळेच एवढी मोठी दुर्बीण आवाक्यातल्या खर्चात उभी राहिली, हे मला पुढे कॉलेजात कळलं.

दोन मिनिटांचं बोलणं होतं ते. मी फिजिक्स घेतलं ते त्या तुकड्यामुळे. याला विज्ञान म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं, ते तुम्हीच सांगा.

गेल्या वर्षी माझ्या नववीतल्या दोघींनी तिथल्या प्रदर्शनात उलट्या छत्रीला खुराड्याची जाळी लावून मॉडेल मांडलं. एका आजींनी विचारलं, "इथं मोबाईल का बंद करायला लावतात गं?" त्यातली एक म्हणाली, "आजी, आकाशातून येणारा आवाज फार बारीक असतो. आपण कानाशी ओरडलो तर तो कसा ऐकू येणार?" मी हे तिला शिकवलेलं नव्हतं. आजींनी पिशवीतून फोन काढला आणि तो बंद झालाय ना, ते तिच्याकडून तपासून घेतलं.

तुमच्या 'जत्रेत' हे घडतं. तुम्ही कधी गेला आहात का तिथे? प्रतिक्रियेवरून तरी वाटत नाही. टोपणनावाआडून शेरा मारायला खोडदपर्यंत जावं लागत नाही, हे खरं.

गावाला काय मिळालं, हा प्रश्न एका ओळीत उडवण्यासारखा नाही आणि माझ्या लेखाचा तो विषयही नव्हता. त्यात मी शिरत नाही.

येत्या 28 फेब्रुवारीला आमची शाळा पुन्हा जाणार आहे. गाडीत एक जागा तुमच्यासाठी ठेवतो. यायचं असेल तर खाली खऱ्या नावाने कळवा.