सुभेदार आजोबांची शिस्त: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

माझ्या आजोबांवरच्या लेखाखाली तुम्ही तळमळीनं लिहिलंत. तुमचे आक्षेप दोन. कोवळ्या पोरांना डोक्यावर रायफल धरून भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावणं हा छळ होता आणि मी त्याला शिस्तीचं गोंडस नाव दिलं, हा पहिला. १९४२ साली लोक गोळ्या झेलत असताना हा माणूस इंग्रजांसाठी शिपाई घडवत होता, हा दुसरा. शिवाय तुमचे आजोबा अशाच एका सुभेदाराच्या हाताखाली रिक्रूट होते आणि मरेपर्यंत त्याला शिव्या देत होते, हेही लिहिलंत. चार दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाही.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे. १३ डिसेंबर १९४२ ला आमच्या कोल्हापूरकडच्या गारगोटीत इंग्रजांविरुद्ध कचेरीवर चालून गेलेले सात जण हुतात्मा झाले, तेव्हा आजोबा बेळगावला परेड घेत होते. ते पोटासाठी भरती झाले होते. त्याला देशसेवेचा मुलामा देणार नाही, आणि लेखात हे स्पष्ट यायला हवं होतं.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी भांडणार. तुम्ही म्हणता, तालमीतला वस्तादही कडक असतो, पण तो पोराचा जीव काढत नाही. बरोबर. पण तालमीतलं पोरगं संध्याकाळी घरी जेवायला जातं, हरलं तर पुढच्या मैदानाची तयारी करतं. आजोबांच्या हाताखालच्या रिक्रूट पोरांना पुढचं मैदान ब्रह्मदेशात नाहीतर इटलीत होतं. १९३९ ला हिंदी लष्कर साधारण दोन लाखांचं होतं, १९४५ पर्यंत ते पंचवीस लाखांवर गेलं. एवढी माणसं इतक्या घाईत तयार करायची, तीही अशी की ज्यांनी आयुष्यात बूट पाहिला नव्हता. त्यात ब्रह्मदेशातल्या आराकानात जपान्यांकडून मार बसला. मग १९४३ मध्ये समिती नेमली गेली आणि तिनं शिफारस केली की रिक्रूटाला नऊ महिने मूळ शिक्षण आणि वर दोन महिने जंगलातल्या लढाईचं शिक्षण द्या. कच्ची पोरं पुढं पाठवली की काय होतं, हे तोवर माणसं गमावून कळलं होतं.

आजोबांचं सगळं लक्ष पायांवर असायचं. भुदरगड-शाहूवाडीकडची अनवाणी वाढलेली पोरं, पहिल्याच आठवड्यात टाचा सोलून निघायच्या. रूट मार्चहून आल्यावर आजोबा जमिनीवर मांडी घालून बसायचे, एकेकाचा पाय मांडीवर घ्यायचे आणि बोटांच्या बेचक्यांत बघायचे. फोड आला म्हणून कुणाला शिक्षा नव्हती. लपवला तर होती. रायफल डोक्यावर धरून फेऱ्या मारायची ती शिक्षा बहुतेक वेळा याचीच. पाय बघायची ही तऱ्हा मी स्वतः अनुभवली आहे. आम्ही पन्हाळा ते पावनखिंड चालत जायचो, तेव्हा आदल्या रात्री सत्तरी उलटलेला हा म्हातारा माझाही पाय मांडीवर घेऊन बघायचा. "मोजं कोरडं हाय न्हवं? पाय गेला की शिपाई गेला रं."

दुसरी गोष्ट बाह्यांची. दिवेलागणीला शर्टाच्या बाह्या खाली ओढून मनगटाचं बटण लावलं नाही तर ते रिक्रूटाला सोलून काढायचे. तुम्हाला हा जाच वाटेल. पण १९४३ ला ब्रह्मदेशच्या आघाडीवर जखमी म्हणून मागे आणलेल्या एका माणसामागे एकशेवीस जण आजारी म्हणून मागे आणावे लागत होते. त्यात मलेरिया मोठा. जपान्याच्या गोळीआधी डास माणूस पाडत होता, आणि त्यावर शिक्षकाच्या हातात होत्या त्या फक्त सवयी. आजोबांची ती सवय शेवटपर्यंत सुटली नाही. घरात सांजवात लागली की खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा हात आपोआप मनगटाकडं जायचा.

आता जिथं तुम्ही बरोबर आहात ते. हीच शिस्त ते घरी घेऊन आले आणि घरात ब्रह्मदेश नव्हता. माझ्या वडिलांना त्यांनी गणितात कमी मार्क पडले म्हणून पावसात अंगणात उभं केलं होतं. वडील अजूनही तो विषय निघाला की उठून आत जातात. लेखात मी लिहिलं होतं, 'त्यांच्या कडकपणानं कुणाचंच वाईट झालं नाही.' ते वाक्य खोटं होतं, आज काढून टाकलंय. तुमच्यामुळं.

आणि एक विनंती. तुमच्या आजोबांचं केंद्र, साल, काही आठवतं का? मी आजवर शिकवणाऱ्याच्याच तोंडून ऐकत आलो. शिकणाऱ्याचं कुणी सांगितलं नाही. ते त्या सुभेदाराला काय म्हणायचे ते जसंच्या तसं लिहून पाठवा, शिव्यांसकट. मी लेखाखाली लावतो.