एक खोका, एक रिमोट

माझी मागणी अवाजवी नव्हती, हे आधी नोंदवून ठेवते. मला एक खोका हवा होता. त्यात सीडी सरकवली की टीव्हीवर नाटक लागावं, सीडी काढली की वायफायवरून सिनेमा लागावा आणि दोन्हीला मिळून एकच रिमोट असावा. बजेट ६,००० रुपये. ठाण्याच्या राम मारुती रोडवर तेवढ्यात बरीशी सेमी-पैठणी येते, फॉल-बीडिंगसकट. मग एक खोका का येऊ नये?

सीड्या माझ्या सासऱ्यांच्या. शोकेसचे खालचे दोन कप्पे त्यांनीच भरलेत. नाटकं, कीर्तनं, चारधामला नेणाऱ्या यात्रा कंपनीने भेट दिलेली सीडी (तिच्यात बाबा एकदाच दिसतात, तेही पाठमोरे) आणि माझं लग्न. लग्न तीन सीड्यांत आहे. या व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओच्या सीड्या. एकीवर जेमतेम ७४ मिनिटं मावतात आणि आमच्या फोटोग्राफरने पाऊण सीडी मुंडावळ्या बांधण्यावर घालवली. त्यामुळे अंतरपाट खाली येण्याआधीच पहिली सीडी संपते. नाटकांचंही तेच. ऐन रंगात आलं की उठून सीडी बदलावी लागते. बाबा त्याला मध्यंतर म्हणतात आणि चहा मागतात.

यातल्या बऱ्याच मोझर बेअरच्या. या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा बाबा स्टेशनवरून घरी येताना मेथीची जुडी आणि सिनेमा एकाच पिशवीतून आणत. कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. सीड्या मात्र टिच्चून बसल्यात.

"हे सगळं यूट्यूबवर आहे हो बाबा," असं माझी लेक एकदा म्हणाली. तिने लावूनही दिलं. नायिका विषाचा पेला ओठाला लावणार, तेवढ्यात टाइल्सची जाहिरात आली. बाबांनी हात जोडले. त्यात महिन्याभराने तेच नाटक शोधायला गेलो, तर ते तिथून गायब. "शोकेसमधलं कुठे जातं?" बाबांनी विचारलं. या प्रश्नाला आमच्या घरात अजून कोणाकडे उत्तर नाही.

तर जुना डीव्हीडी प्लेअर गेला, तिथून हे सुरू झालं. आधी त्याचा ट्रे बाहेर येईना. बाबा तो उलथन्याने उघडत. (ते उलथनं पुन्हा तव्यावर आलेलं मला चालत नसे, म्हणून नवं घ्यावं लागलं. तो खर्च मी या प्रकल्पात धरलेला नाही.) मग एक दिवस आतली लेन्सच मिटली. लेक फोनवर मालिका बघून मान अवघडून घेत होती, नवऱ्याला मोठ्या पडद्यावर क्रिकेट हवं होतं. म्हटलं, होऊ दे एकाच खर्चात सगळ्यांचं.

"त्यापेक्षा स्मार्ट टीव्हीच घ्या ना!" हे वाक्य मला सोसायटीच्या लिफ्टमध्ये, ऑफिसात आणि एकदा शेअर रिक्षात अनोळखी बाईंनी ऐकवलं. आमचा टीव्ही बत्तीस इंची आहे. स्मार्ट नाही, पण बिघडतही नाही. बाबांचं म्हणणं, "चालता टीव्ही बदलायचा? मग मलाही बदला." विषय संपला.

पहिल्यांदा घोडबंदर रोडकडच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेले. तिथल्या मुलाला म्हटलं, "डिस्क प्लेअर दाखवा, वायफायवाला."

"हार्ड डिस्क का मॅडम?"

"नाही. सीडी, डीव्हीडी लावायचा."

तो सिनिअरला घेऊन आला. सिनिअरने माझ्याकडे अशा मायेने पाहिलं, की मला स्वतःचीच काळजी वाटू लागली. म्हणाला, "मॅडम, ते आता येत नाही. साउंडबार दाखवू?"

ठाण्यात कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूममध्ये काहीही मागा, तिसऱ्या वाक्याला साउंडबार येतो. मी एकदा तिथे मिक्सरचं भांडं मागून बघणार आहे.

मग गोखले रोडवरचं जुनं दुकान. तिथले शेठ कॅसेटच्या जमान्यापासून गल्ल्यावर आहेत. त्यांनी स्टुलावर चढून माळ्यावरून एक खोका काढला आणि फुंकर मारली. धूळ माझ्यावर आली, पण माल निघाला.

"घ्या ताई. सीडी, डीव्हीडी, यूएसबी, सगळं आहे. कराओकेचं माइकपण लागतं."

"यात वायफाय आहे?"

"पेनड्राइव्ह लावा ना, काहीपण बघा."

"तसं नाही शेठ. इंटरनेटवरचे सिनेमे थेट दिसायला हवेत."

"मग इंटरनेटवरून पेनड्राइव्हमध्ये घ्यायचं, पेनड्राइव्ह यात लावायचं. झालं स्ट्रीमिंग."

इतकी नेमकी अडचण आणि इतका निर्विकार चेहरा एकत्र पाहून मी निरुत्तर झाले. बाबांना घरी येऊन सांगितलं, तर त्यांनी फक्त कराओकेबद्दल चौकशी केली.

जांभळी नाक्याजवळ एकाने अँड्रॉइडचा छोटा डबा दाखवला. "सगळे सिनेमे फुकट," म्हणाला. कोणाचे आणि कसे फुकट, हे विचारल्यावर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. शिवाय असल्या डब्याला मान्यतेचा शिक्का नसला, की पैसे भरून घेतलेलं अ‍ॅपही त्यावर धड चालत नाही. चाललंच तर चित्र धूसर. धूसर चित्र आमच्या लग्नाच्या सीडीत आधीच आहे, त्याला वेगळे पैसे कशाला?

रात्री जेवणं झाल्यावर मी इंटरनेटवर शोधायला बसे. तिथे मला हवा होता तो खोका भेटला. त्याला म्हणतात वायफायचा ब्लू-रे प्लेअर. ब्लू-रे म्हणजे डीव्हीडीच्या पुढची डिस्क. डीव्हीडी वाचतो, ब्लू-रे वाचतो, अ‍ॅपही आत. किंमत पाहिली आणि टॅब्लेट उपडा ठेवला. बाहेरून मागवायचा तर माझ्या बजेटच्या तिपटीच्याही वर.

पण एवढा महाग का, हे वाचत गेले आणि त्यात रमले. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त किरण लागतो, डीव्हीडीला ६५० चा लाल आणि ब्लू-रेला ४०५ चा निळा-जांभळा. म्हणजे त्या बिचाऱ्याला एकाच तोंडात तीन डोळे ठेवावे लागतात. आणि इतकं करून त्यातले काही प्लेअर व्हीसीडी वाचतच नाहीत! म्हणजे अठरा-वीस हजार घालून माझं लग्न लागणार नाही ते नाहीच.

त्याहून मौज पुढे आहे. डिस्क आणि इंटरनेट एकाच खोक्यात, ही काही माझ्या सुपीक डोक्यातली कल्पना नव्हे. एलजीने २००८ साली अमेरिकेत असा ब्लू-रे प्लेअर काढला, ज्यावर नेटफ्लिक्स थेट दिसायचं. हे नेटफ्लिक्सही मूळचं सीडीवालंच. १९९८ पासून ते टपालाने डीव्हीडी भाड्याने पाठवत होतं आणि हा पाकिटांचा धंदा त्यांनी थेट सप्टेंबर २०२३ मध्ये आवरला. भारतात त्यांची सेवा आली जानेवारी २०१६ मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि घरोघरी लोक सिनेमे फोनवर पाहू लागले. पुढे दोन वर्षांत ओप्पो डिजिटलने ब्लू-रे प्लेअर बंद केले, २०१९ मध्ये सॅमसंगने अमेरिकेच्या बाजारासाठी नवे काढायचे नाहीत असं ठरवलं. थोडक्यात, खोका होता तेव्हा आपल्याकडे त्यावर पाहायला काही नव्हतं आणि पाहायला आलं तेव्हा खोका निघाला होता. आमची लोकल आणि मी यांचंही असंच चालतं.

शिवाय अशा खोक्यातली अ‍ॅप कंपनी काही वर्षांनी अपडेट करायचं सोडते. ट्रे ठणठणीत आणि अ‍ॅप निकामी, अशी त्यांची म्हातारपणं असतात. बाबांना हे वाचून दाखवलं नाही.

मधल्या काळात न्यू जर्सीच्या नणंदेचा फोन आला. "वहिनी, इथे शंभर डॉलरच्या आत मिळतो गं वायफायवाला! दिवाळीत येताना आणते की." मला गहिवरून आलं. पण बाबांनी फोन हातात घेतला आणि कालनिर्णयच्या मागच्या पानावर पेन्सिल सरसावली. ते जिल्हा परिषदेत हिशेबनीस होते. कुठलाही आनंद ते आधी तपासून घेतात.

तपासणीत असं निघालं की डीव्हीडीसाठी कंपन्यांनी जगाचे विभाग पाडलेत आणि एका विभागाचा प्लेअर सहसा दुसऱ्या विभागाची डिस्क लावत नाही. अमेरिका विभाग १, आपण ५, चीन ६. ब्लू-रेला पुन्हा वेगळी वाटणी. अमेरिका ए, आपण सी, आणि इथे चीन आमच्याच सी मध्ये. "म्हणजे डीव्हीडीत आपला नि चीनचा सीमावाद आहे आणि ब्लू-रेत मिटला," असा निष्कर्ष बाबांनी काढला. त्यात तिकडचे बरेच प्लेअर आपली 'पाल' या टीव्ही-पद्धतीची डिस्क घेत नाहीत आणि तिकडची वीज १२० व्होल्ट, आपली २३०. "पाच म्हणजे पाच," बाबा मुलीला म्हणाले, "तू आपली बदाम घेऊन ये."

यानंतर मोहीम नवऱ्याने हाती घेतली. त्याच्या मते असल्या वस्तूंचा शेवटचा शब्द लॅमिंग्टन रोड. रविवारी दादरला गाडी बदलून तो ग्रँट रोडला गेला आणि संध्याकाळी पिशवी भरून आला. लॅमिंग्टन रोडवरून रिकाम्या हाताने परतणं पुरुषांना जमत नाही. पिशवीत एचडीएमआयची एक लांबलचक वायर, पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींचं एचडीएमआय करणारा कन्व्हर्टर, एक टॉर्च आणि कोणत्याही फोनला न लागणारा चार्जर होता. प्लेअर नव्हता. दुकानदार त्याला म्हणाला होता, "कॉम्बो चाहिए था तो दस साल पहले आते, साहब." आणि टॉर्च दाखवली होती.

शेवटी एका खोक्याचा हट्ट सोडला आणि दोन घेतले. शेठच्या माळ्यावरून एचडीएमआयचा साधा डीव्हीडी प्लेअर, नामांकित कंपनीचा, व्हीसीडी वाचणारा. आणि ऑनलाइन सेलमध्ये टीव्हीच्या मागे खोचायची ती स्ट्रीमिंगची कांडी. मिळून सहा हजारांच्या थोडं वर गेलं. शेठना मी "थोडं वर" मधून कमी करायला सांगितलं, तर त्यांनी एक कीर्तनाची सीडी वर दिली.

आणि मग खरा संसार सुरू झाला. आमच्या टीव्हीला एचडीएमआयची भोकं दोन. केबलच्या सेट-टॉप बॉक्सला तिथून उठवून पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींवर पाठवलं, तो तेव्हापासून फिका दिसतो. रिमोट झाले चार. टीव्हीचा, केबलचा, प्लेअरचा, कांडीचा. चारही काळे. मी त्यांवर रंगीत टिकल्या चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी बाबांनी टिकल्या काढून टाकल्या, कारण बटणं झाकली जात होती.

मी लोकलमध्ये मुलुंडच्या आसपास, दारात चेपलेली, आणि बाबांचा फोन.

"अगं, नो सिग्नल आलंय."

"बाबा, टीव्हीच्या रिमोटवर सोर्स म्हणून बटण आहे, ते दाबा."

"दाबलं."

"काय दिसतंय?"

"सोर्स."

"त्यात खाली एचडीएमआय एक, एचडीएमआय दोन असं असेल."

"आहे. पण वर एव्ही आहे. आपण एव्हीत राहायला नको का? सीडी म्हणजे एव्हीच ना?"

तोवर माझ्या शेजारच्या दोघीजणी बाबांच्या बाजूने बोलू लागल्या होत्या. एकीच्या घरी एचडीएमआय दोन होतं, तिने फोन जवळजवळ माझ्या हातून घेतलाच. ठाणं आलं तेव्हा नाटकाची नांदी सुरू झाली होती आणि आम्ही तिघी ती स्पीकरवर ऐकत उतरलो.

हे असं चाललं असतं. पण लेकीने एका रात्री टीव्हीच्या सेटिंगच्या तळाशी एक बटण शोधलं. सीईसी म्हणून एक सोय असते म्हणे. एचडीएमआयच्या वायरीतूनच यंत्रं एकमेकांशी बोलतात. सॅमसंग तिला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. प्रत्येकाने आपल्या घरचं नाव ठेवलंय, त्यामुळे ओळख पटत नाही. ही सोय आमच्या टीव्हीत तो घेतला तेव्हापासून होती. बंद होती, एवढंच. चालू केली आणि चमत्कार झाला. प्लेअर सुरू केला की टीव्ही आपणहून प्लेअरवर जातो, कांडी सुरू केली की कांडीवर. शिवाय टीव्हीच्याच रिमोटने दोन्हीकडचं पुढे-मागे करता येतं. बाकीचे रिमोट मी समारंभपूर्वक खणात टाकले. फोन बंद झाले. मी लोकलमध्ये झोपू लागले.

बाबांनी मात्र या सोयीचा अभ्यास केला. हिशेबनीसच ते. प्लेअरचं पुढचं बटण दाबलं, की पडद्यावर दुसरं कोणी काहीही पाहत असलं तरी टीव्ही ते सोडून सीडीकडे धावतो, हे त्यांच्या लक्षात आलं. आणि ते बटण शोकेसमध्ये, त्यांच्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर आहे.

परवा शेवटची ओव्हर चालू होती. नवरा सोफ्याच्या टोकावर, सोफा भिंतीच्या टोकावर. गोलंदाज धावत निघाला आणि पडद्यावर पांढऱ्या दाढीचे एक गुरुजी अवतरले. "श्वास सावकाश आत घ्या," ते म्हणाले. "धरून ठेवा."

खालच्या मजल्यावरून ओरडा ऐकू आला. आपण जिंकलो की हरलो, ते ओरड्यावरून कळेना.

"बाबा!"

"साडेसहाला माझा प्राणायाम असतो," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

लेक तरातरा उठली. "थांबा, मी ती सेटिंगच बंद करते."

"कर की," बाबा म्हणाले आणि झब्ब्याचा खिसा चाचपला. "पण सेटिंग बंद करायला रिमोट लागत असेल ना गं?"