'लिहिलंच नाही, तर जपणार काय?'

गेले काही दिवस एक मजकूर या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतोय. आशय असा: जुन्या दप्तरांत राजे, सरदार आणि कारकून यांचेच कागद सापडतात, कारण लिहीत फक्त तेच होते. दलितांनी, बायकांनी काही लिहिलंच नाही, तर जपणार काय? मोलाचं होतं ते टिकलं. कागदाला जात नसते. आणि आता सगळं स्कॅन होतंय, मग प्रतिनिधित्वाची तक्रार कशाला?

मला तो तीनदा आला. पाठवणारी माणसं चांगली वाचणारी आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी 'लिहिलंच नाही' हे घेऊ. ज्यांना पाटीला हात लावू दिला नाही त्यांच्याकडे कागद कमी असणार, हे खरंच. पण कमी म्हणजे शून्य का? फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असं ती थेट देवालाच विचारते. तो निबंध आज आपल्याला वाचता येतो, कारण तो मिशनच्या नियतकालिकात छापला गेला आणि त्या नियतकालिकाचे अंक जपले गेले. त्याच शाळांतल्या बाकीच्या मुलींच्या वह्यांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. त्यांची 'स्त्रीपुरुष तुलना' 1882 साली पुण्यात छापली गेली, प्रती 500. जोतीराव फुल्यांनी तीनच वर्षांत 'सत्सार' या आपल्या प्रकाशनात त्यांची बाजू घेतली. म्हणजे पुस्तक कोणाच्या नजरेतच आलं नव्हतं, असं नाही. तरी ते विस्मरणात गेलं, आणि स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा 1975 साल उजाडलं होतं. त्र्याण्णव वर्षं!

'मोलाचं होतं ते टिकलं' असं म्हणणाऱ्यांना मला एक वही दाखवायची आहे. माझ्या थोरल्या मावशीचे सासरे आंबेडकरी जलशात, म्हणजे बाबासाहेबांचे विचार गाण्यांतून गावोगाव पोचवणाऱ्या मंडळीत, गायचे. जमाखर्चाची लांबट वही, तिच्यात जलशाची गाणी. समासात ढोलकीवाल्याला दिलेले आणे, गावांची नावं, एका ठिकाणी 'इथे सर्वांनी' अशी खूण. मावशी आणि मी ती एका संग्रहालयात घेऊन गेलो होतो. टेबलामागच्या गृहस्थांनी पानं नीट उलटली, आणि विचारलं, "हे कोणी नामवंत होते का?" नव्हते. "मग आमच्या संग्रहात बसणार नाही." वही पुन्हा पत्र्याच्या पेटीत गेली. दोन पावसाळ्यांनी उघडली तेव्हा पहिली वीसेक पानं वाळवीने मातीसारखी केली होती. ती वही मोलाची नव्हती म्हणून गेली असं उद्या कोणी म्हणालं, तर मी त्या दिवशीचं टेबल विसरणार नाही.

उलट पाहा, दप्तरं टिकतात ती कशामुळे? पुण्याचं पेशवे दप्तर घ्या. इंग्रजांना ते हवं होतं ते इनामांच्या चौकशीसाठी: कोणाची जमीन सारामाफ, कोणत्या हक्काने. 1852 च्या इनाम कमिशनच्या काळात कागद लावले गेले ते याच हिशेबाने. पुढे 1930 ते 1934 या काळात इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी निवडक कागदांचे 45 भाग काढले. फार मोठं काम, त्याबद्दल आदरच आहे. पण हजारो रुमालांतून, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांतून, निवड करायची म्हटली की भर राजकारणावर आणि मोहिमांवर पडणार, तसा तो पडला.

'कागदाला जात नसते' याचं उत्तर याच रुमालांत आहे. कुणबिणींच्या, म्हणजे विकत घेतलेल्या दासींच्या, खरेदीच्या नोंदी पेशवाईच्या कागदांत आहेत, महार वतनाचे तंटेही आहेत. माणसं कागदात आहेत. पण सूचीत 'मोहीम', 'सरंजाम' हे शब्द असतील आणि 'कुणबीण' नसेल, तर ती बाई तिथे असूनही शोधणाऱ्याला सापडत नाही. सूची करणारा माणूसच असतो. कोणता शब्द मथळ्यात घ्यायचा हे तोच ठरवतो.

स्कॅनिंगबद्दल थोडक्यात. कपाटापर्यंत जे पोचलं तेच स्कॅन होतं. मावशीची पेटी त्या यादीत नाही. आणि जुन्या कागदांची मोडी लिपी वाचणारे मोजके असताना, वर्णनाशिवाय चढवलेली लाखभर चित्रं म्हणजे बांधलेला रुमालच.

शिवाय सगळं कागदावर असतं असं कोणी सांगितलं? हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी बायकांना अक्षरओळख नव्हती. 2017 पासून त्या ओव्या 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर येत आहेत. एखादी उघडून पाहा. ओवीसोबत गाणारीचं नाव असतं, गाव, तालुका, जात, वय असतं.