पाठीवरचं ते 'पिल्लू' नव्हे!

बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटीकडच्या ग्रुपवर एक फोटो फिरायलाय बघा, हिरव्या झाडबेडकाच्या पाठीवर छोटा बेडूक आणि खाली "आई पिल्लाला नेतेय". तसं नाही ओ! वरचा तो नर आहे, या बेडकांत नर मादीपेक्षा लहानच असतो, आणि यांचं पिल्लू म्हणजे आधी पाण्यातला शेपटीवाला जीव, ते पाठीवर कुठून येणार. पावसात नर ओरडून मादीला बोलावतात, जोडी जमली की नर पाठीवर बसून तिला काखेपाशी घट्ट धरतो, मग पाण्यावर झुकलेल्या फांदीवर मादी मागच्या पायांनी पांढरा फेस घुसळते, अंडी त्यातच, आणि पिल्लं नंतर टपाटप खाली पाण्यात पडतात. आफ्रिकेतल्या राखाडी झाडबेडकांत तर एका मादीभोवती कितीतरी नर एकदम झोंबतात. म्हणून कळकळीनं सांगतोय, 'पिल्लू' सोडवायला जाऊ नका, आणि तो फेस काठीनं पाडू नका.