काचेच्या पाटीवर श्रीगणेशा

मूल दीड वर्षाचे झाले आणि अजून त्याच्या मालकीचा टॅब्लेट घरात नाही, ही गोष्ट आपण चार लोकांत बोलून दाखवली नसेल, तर झाकली मूठ झाकलेलीच ठेवावी आणि येत्या रविवारी दुकान गाठावे. पडदा मोठा घ्यावा, कव्हर जाड रबराचे घ्यावे, आणि हे उपकरण मुलाला गप्प बसवण्यासाठी नसून शिकवण्यासाठी आहे, हे वाक्य विक्रेत्यासमोर एकदा मोठ्याने म्हणावे. विक्रेता मान डोलावेल. त्याच्या कानांना या वाक्याची सवय आहे. पुढची दोन-तीन वर्षे आपल्याला तेच वाक्य सासूबाईंसमोर, डॉक्टरांसमोर आणि रात्री झोप येत नसताना स्वतःसमोर म्हणायचे आहे, तेव्हा ते आतापासून जिभेवर बसलेले बरे.

ॲप निवडताना त्यावर ‘शैक्षणिक’ असे लिहिलेले आहे एवढे पाहावे, अधिक खोलात शिरू नये. आपले ॲप कोणत्या वर्गात मोडते, हे ॲप करणारा स्वतःच ठरवतो, असे काही शंकेखोर लोक सांगतात. त्यांना विचारावे की मिठाईच्या दुकानाच्या पाटीवर ‘सुप्रसिद्ध’ हा शब्द दुसरे कोण रंगवून घेते? तरीही एक पथ्य अवश्य पाळावे. काही ॲपच्या सुरुवातीला ‘पालकांनी मुलाशेजारी बसून, त्याच्याशी बोलत हे वापरावे’ अशी सूचना येते. असे ॲप तत्काळ काढून टाकावे. शेजारी बसून बोलायचे असते, तर आपण एवढे पैसे कशासाठी मोजले?

यानंतर डॉक्टरांचा प्रश्न उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना काढल्या आणि त्यांत एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी फार तर एक तास बसवावे, आणि तोही जितका कमी करता येईल तितका बरा, असे म्हटले. आपल्याकडील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही याच मताची आहे. या सूचनांचा आदर करण्याची सोपी रीत अशी, की मूल जे पाहते तो ‘पडदा’ आहे हे मान्यच करू नये. कार्टून म्हणजे पडदा; मुळाक्षरे म्हणजे अभ्यास. तीच हिरवी खार दोन्हीकडे तेच गाणे गात तीच उडी मारत असली तरी हा भेद मोलाचा आहे. शिवाय तो एक तास न्याहारीचा, दुपारच्या जेवणाचा की रात्रीच्या, हे कुठेही लिहिलेले नसल्यामुळे प्रत्येक जेवणाला एक, असा उदार अर्थ लावता येतो.

दोन वर्षांखालील मुलांसाठी आपल्या बालरोगतज्ज्ञांनी एकच सवलत ठेवली आहे आणि ती म्हणजे नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल. तिचा लाभ घ्यावा असे वरवर पाहता वाटेल. परंतु या प्रकारात एक मोठी अडचण आहे. पलीकडे असलेली नागपूरची आजी प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट पाहते. मुलाने चमचा दाखवला, की ‘अगं बाई, चमचा कोणी दिला?’ म्हणते, त्याने चमचा पाडला, की ‘पडला!’ म्हणते, मग मूल मुद्दाम तो पुन्हा पाडते, आजी पुन्हा ‘पडला!’ म्हणते, आणि तो उचलून देण्यासाठी आपल्याला जागेवरून उठावे लागते. ॲपमध्ये हा जाच नाही. ॲपमधली खार उत्तरासाठी तीन सेकंद थांबते आणि मुलाने काहीही म्हटले, अगदी काहीच म्हटले नाही, तरी ‘शाब्बास!’ म्हणून पुढे जाते.

अमेरिकेत सिॲटल येथे पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बाबतीत एक खोडसाळ प्रयोग करून ठेवला आहे, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी फक्त इंग्रजी ऐकणाऱ्या नऊ महिन्यांच्या बाळांपैकी काहींशी चिनी भाषिक माणसे बारा वेळा समोर बसून खेळली आणि बोलली. तीच माणसे, तेच बोलणे दुसऱ्या काही बाळांना दूरचित्रवाणी संचावर दाखवले. समोरासमोर बसलेली बाळे चिनीतले बारीक ध्वनिभेद ओळखू लागली आणि संचापुढे बसलेली बाळे होती तिथेच राहिली. घाबरण्याचे कारण नाही. प्रयोगात दूरचित्रवाणी संच होता, टॅब्लेट नव्हता. आणि त्यांची भाषा चिनी होती, आपल्याला तर मुलाला इंग्रजी शिकवायचे आहे.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर सांगून टाकतो. मुलाला मराठीही यावी असा हट्ट असल्यास मराठी ॲप मिळतात, मात्र त्यांतल्या काहींमध्ये बोलणारे यंत्र ‘ळ’ या अक्षरापाशी अडखळते. ‘बाल’, ‘कमल’, ‘फल’ असे शब्द मुलाच्या तोंडी आले, तर त्याला राष्ट्रीय एकात्मता समजावे.

जेवणाच्या वेळी टॅब्लेट कसा वापरावा याचे स्वतंत्र शास्त्र आहे. पूर्वीच्या अशास्त्रीय काळात मुलाला कडेवर घेऊन गॅलरीत नेत, एक घास चिऊचा, एक घास काऊचा करीत, मध्येच खरोखरीचा कावळा येऊन बसे, त्याच्याशी वाद घालावा लागे, आणि वाटीभर वरणभाताला पाऊण तास जाई. आता टॅब्लेट पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवावा, फळे-भाज्यांचे ॲप लावावे, आणि मुलाचे तोंड आश्चर्याने उघडले की त्यात घास सरकवावा. सात मिनिटांत वाटी रिकामी होते. याच सात मिनिटांत मूल ब्रोकोली, ब्लूबेरी आणि ॲव्होकॅडो ओळखायला शिकते. जे पोटात जात आहे त्याला वरणभात म्हणतात, त्यावर तूप असते, लिंबू पिळले की ते आंबट लागते आणि डोळे मिटतात, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पण वरणभात कोणत्याही प्रवेश-मुलाखतीत विचारत नाहीत.

पाहुणे आल्यावर विद्येचे प्रदर्शन मांडणे हा आपला हक्क आहे. जुन्या काळी पाहुण्यांसमोर मुलाला परवचा म्हणायला उभे करीत, त्याचेच हे सुधारलेले रूप. चहा येण्यापूर्वी टॅब्लेट मुलाच्या मांडीवर ठेवावा आणि ‘एलिफंट कुठे आहे?’ असे विचारावे. मुलाचे बोट हत्तीवर पडले की पाहुणे टाळ्या वाजवतात, खार टाळ्या वाजवते, आपण नुसते स्मित करावे. मात्र पाहुण्यांपैकी एखादा आगाऊ काका भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या हत्तीकडे बोट दाखवून ‘हे काय रे?’ असे विचारील, तर लगेच चिवडा पुढे करावा. परीक्षा ज्या पडद्यावर शिकवले त्याच पडद्यावर घ्यावी, हा नियम मोडण्याचा अधिकार काकांना नाही.

आमच्याच घरी हा नियम एकदा निसर्गाने मोडला, त्याची हकिगत सावधगिरीसाठी देतो. आमच्या दोन वर्षांच्या नातवाचे फळांच्या ॲपवर प्रभुत्व होते. पिवळ्या गोलसर आकृतीला बोट लावले की ‘मँगो!’ असा आवाज येई आणि चार तारे उडत. मे महिन्यात देवगडहून हापूसची पेटी आली, आंबे खाटेखाली गवताच्या अढीत मांडले गेले आणि दोन दिवसांत घरभर वास सुटला. नातू रांगत खाटेखाली गेला. त्याने एका आंब्याला बोट लावले. आवाज आला नाही. त्याने जरा जोरात दाबले. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबले. आम्ही धावत जाईपर्यंत सहा आंब्यांची तपासणी झाली होती आणि सातव्यात त्याचे बोट कोयीपर्यंत पोहोचले होते. त्याने ते बोट तोंडात घातले आणि बराच वेळ काढले नाही. त्याच्या आईने त्याचे हात धुऊन, त्याला पुसून, पुन्हा टॅब्लेटसमोर बसवले, तेव्हा तो पिवळ्या आकृतीवर बोट ठेवून ते चाखून पाहू लागला. त्या दिवसापासून काच सारखी चिकट राहू लागली. म्हणून सांगतो, हंगामात पेटी उंच फडताळावर ठेवावी. अभ्यासक्रमाबाहेरच्या गोष्टींनी मूल गोंधळते.

मुलाच्या हाताला वळण लागावे असे वाटत असेल, तर त्यासाठीही ॲप आहेत. वाळूत बोटाने रेघा ओढण्याचे ॲप आहे, गारगोट्या एकावर एक रचण्याचे आहे, पाने गोळा करून त्यांचे आकारानुसार गट करण्याचेही आहे. वाळू डोळ्यांत जात नाही, गारगोटी नाकात जात नाही, पानावर किडा नसतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना ही सोय उपलब्ध नव्हती, याचे वाईट वाटते. या दोघींनी आधी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांना शिकवताना खऱ्या गारगोट्या, खऱ्या बिया, शिंपले आणि झाडाखालची पाने वापरली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी म्हटले. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. सरकारलाही त्या अंगणवाडीची भुरळ पडली आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून हे नाव देशभर पसरले. एवढा खटाटोप करण्याऐवजी प्रत्येक पाड्यावर एकेक टॅब्लेट दिला असता, तर ताराबाईंना टेकडी चढावी लागली नसती. त्यांनी ज्या गारगोट्या फुकट वापरल्या, त्या आपल्याला आता मासिक वर्गणीत मिळतात, म्हणजे मधल्या काळात बालशिक्षणाची किंमत लोकांना कळली हे निश्चित.

वर्गणीवरून आठवले. पैसे मागण्याच्या जागी मुलाचा हात पोहोचू नये म्हणून बऱ्याच ॲपमध्ये मोठ्यांसाठी गुणाकाराचे कुलूप असते: सात आठे किती, हे सांगितल्याशिवाय दार उघडत नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी मराठी आजी हिशेबात धरलेली नाही. पावकी-निमकीसह तीसपर्यंत पाढे पाठ असलेली आजी स्वयंपाकघरातून ‘छप्पन्न!’ म्हणून ओरडते, वर ‘एवढेही येत नाही का रे यंत्राला?’ असे विचारते, येऊन आकडा स्वतः दाबून देते, आणि वर्षाची वर्गणी सुरू होण्याच्या बेतात येते. राहिला ओटीपी. तो परक्या माणसाला सांगू नये, हे आजोबांनी बँकेच्या संदेशात वाचलेले असते. नातू काही परका नव्हे. एका ओळखीच्या घरात हा व्यवहार केवळ एवढ्यासाठी फसला, की आजोबांनी आकडे मराठीत वाचले आणि सव्वातीन वर्षांच्या नातवाला ‘नऊ’ म्हणजे ‘नाईन’ हे ठाऊक नव्हते. मातृभाषेपासून इतका थेट आर्थिक लाभ झाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. अमेरिकेतल्या आजी पाढ्यांत कच्च्या असाव्यात असे मला वाटे, पण तेथेही मुलांनी पालकांच्या संमतीविना केलेल्या खरेदीचे किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याचे ॲपल कंपनीने २०१४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनकडे मान्य केले होते. तात्पर्य, आजीला घरात ठेवायचे असल्यास टॅब्लेटपासून दूर ठेवावे. तसेही तिच्या गोष्टीत दर वेळी बदल होतात, मध्येच तिला जांभई येते, आणि राजकन्येचे नाव काल वेगळे होते हे मुलाच्या लक्षात आले की दोघांचे भांडण जुंपते. ॲपमधली गोष्ट रोज अक्षरशः तीच असते.

दर आठवड्याला ॲपकडून प्रगतीचा अहवाल येतो, तो मात्र मन लावून वाचावा, कारण मुलाकडे मन लावून पाहण्याचे जे काम आपण सोपवले आहे, त्याची ही पोचपावती असते. त्यात रंगीत स्तंभ असतात आणि ते सर्व वर चढत असतात. कोणाचेही मूल मागे पडले असे सांगणारा अहवाल मी अद्याप पाहिलेला नाही. वर्गणी भरणाऱ्याशी असे कोणी वागत नाही.

शेवटची सूचना पॉवर बँकेविषयी आहे. ती कायम भरलेली ठेवावी. एखाद्या वळवाच्या संध्याकाळी वीज जाते, वायफाय जाते, टॅब्लेटची बॅटरीही संपते, आणि मूल अंधारात आपल्या मांडीवर येऊन बसते. अशा वेळी आपल्यालाही काही आठवू लागते आणि आपण ‘एक होता चिमणा’ वगैरे सुरुवात करतो. मूल थोडा वेळ ऐकेल. मग मेणबत्तीच्या उजेडात नीट निरखून ते आपल्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, वर, कानाच्या टोकापाशी बोट लावील आणि दाबून पाहील. दचकू नये. जाहिरात बंद करण्याची फुली पडद्यावर तिथेच असते. फुलीचे स्थान मुलाने कोणाच्याही मदतीशिवाय ओळखले, अशी नोंद वीज आल्यावर अहवालात स्वहस्ते करून ठेवावी.