शेवटी 'रेडिट' लिहा म्हणे!

हा मेसेज सध्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात असा: गुगलवर काहीही शोधताना शेवटी 'रेडिट' लिहा (रेडिट म्हणजे लोक आपापले अनुभव लिहून चर्चा करतात ती वेबसाइट, म्हणजेच फोरम). वेबसाइटवाले पैसे घेऊन लिहितात, फोरमवर खरी माणसं खरं सांगतात. चुकीचं असेल तर लोक मतं देऊन ते खाली ढकलतात. गुगलनेही हे ओळखून फोरम वर आणलेत. औषधपाण्याचंही तिथेच बघा, डॉक्टरांपेक्षा अनुभव मोठा.

शेवटचं वाक्य माझ्या मावशीने मनावर घेतलं, म्हणून हे लिहितेय. एरवी असल्या फॉरवर्डच्या नादी मी लागत नाही.

वेबसाइटवाल्यांबद्दलचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. 'टॉप टेन मिक्सर' छाप लेख लिहिणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी त्यातला एकही मिक्सर फिरवलेला नसतो. आपण त्या लिंकवरून खरेदी केली की त्यांना कमिशन मिळतं, एवढंच. वॉशिंग मशीन का खडखडतं, हे फोरमवरचा वैतागलेला गिऱ्हाईकच नीट सांगतो. त्यासाठी खुशाल जा तिथे.

पण मावशी गेली साखरेसाठी. एकाने लिहिलं होतं, 'शुगर ७ वर आली, गोळी निम्मी केली, आता मस्त आहे.' मावशी म्हणाली, "माझीपण सातच आहे की!" आणि हिनेही गोळी मोडून अर्धी घ्यायला सुरुवात केली. तो माणूस ब्रिटनमधला. तिकडे रक्तातली साखर मिलिमोलमध्ये मोजतात. त्याची ७ म्हणजे आपल्याकडची १२६. मावशीचे ७ होते एचबीएवनसीचे, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज देणाऱ्या टेस्टचे टक्के. टेस्ट वेगळी, एकक वेगळं, माणूस वेगळा, गोळी कुठली ते त्याने लिहिलेलंच नाही. बरं, तो खोटं बोलत होता का? मुळीच नाही. त्याचा अनुभव शंभर टक्के खरा असेल, तरी मावशीच्या काही कामाचा नव्हता. तिच्या डॉक्टरांकडे तिचे रिपोर्ट आहेत, तिची किडनी कशी आहे ते त्यांना माहीत आहे. 'अनुभव मोठा' म्हणणाऱ्याने हे दोन मिनिटं तरी डोक्यात घ्यावं.

आणि माणसं खरीच असतात हे कुणी सांगितलं? एप्रिल २०२५ मध्ये उघड झालं की झुरिक विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी रेडिटच्या एका वादचर्चेच्या ग्रुपवर कित्येक महिने एआयकडून प्रतिक्रिया लिहून घेतल्या होत्या. हजाराहून जास्त! एक खातं बलात्कार सोसलेल्या पुरुषाच्या नावाने बोलत होतं, एक मानसिक आघातावरचा समुपदेशक म्हणून. सगळं बनावट. ग्रुप चालवणाऱ्यांनाही हे संशोधकांनी स्वतः कळवलं तेव्हा समजलं. हे अभ्यासासाठी केलेलं होतं, म्हणून निदान बाहेर तरी आलं. आता गुगलवर फोरम वर दिसतात म्हटल्यावर ज्याला सप्लिमेंटची पावडर विकायची आहे तो तिथे 'मलाही हाच त्रास होता' असं लिहिणार नाही? आणि तो कशाला कळवायला येतोय!

मतांनी चूक खाली जाते, हा तर विनोद आहे. मे २०२४ मध्ये गुगलच्या एआयने पिझ्झावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये चिकटवायचा डिंक घालायला सांगितलं. उगम? रेडिटवरची अकरा वर्षांपूर्वीची एक थट्टा. गुगल सर्चच्या प्रमुख लिझ रीड यांना तेव्हा लिहावं लागलं की फोरमवर प्रत्यक्ष अनुभवाची माहिती मिळते, पण कधीकधी असले सल्लेही मिळतात. म्हणजे ज्या गुगलची साक्ष हा फॉरवर्ड काढतो, तेच गुगल असं म्हणतंय.

'गुगलने ओळखलं' याबद्दल एवढंच: फेब्रुवारी २०२४ मध्ये गुगलने रेडिटशी तिथला मजकूर एआयसाठी वापरण्याचा करार केला, रॉयटर्सच्या बातमीनुसार वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलरचा. पैसे दिले म्हणून रेडिट वर आलं असं मी म्हणत नाही. फोरमच्या चर्चांचा वेगळा कप्पा गुगलने २०२२ मध्येच आणला होता. पण २०२४ च्या जुलैपर्यंत रेडिटने बिंगसारख्या इतर सर्च इंजिनांना दार लावलं आणि तिथे नव्या चर्चा दिसेनाशा झाल्या. गुगलला मात्र दार उघडंच राहिलं.