असेंब्लीत ‘सगळे आकडे हेक्झमध्येच’ कशासाठी?

असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना थेट लिहायची भाषा, शिकणाऱ्या मुलांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: “आकडे नेहमी हेक्झमध्येच (सोळाच्या पायावर, ० ते ९ आणि ए ते एफ) लिहा. प्रोसेसरला तेच कळतं, म्हणून प्रोग्रॅमही जलद चालतो. आणि आकड्याच्या पुढे शून्य लावलं काय, न लावलं काय, किंमत तीच.” यातलं एकही विधान खरं नाही, आणि शेवटच्या विधानापायी तर मुलांच्या रात्री वाया जातात.

८०८६ प्रोसेसरवर एएल रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या एका छोट्या कप्प्यात) ६५ टाका, ४१एच टाका किंवा ०१०००००१बी टाका; शेवटचा एच म्हणजे हेक्झ, बी म्हणजे बायनरी. असेंबलर, म्हणजे असेंब्लीचं मशीन कोड करणारा प्रोग्रॅम, तिन्ही वेळा तेच दोन बाइट काढतो: बी०, ४१. असेंबलरने काढलेले बाइट दाखवणारी लिस्टिंग फाइल उघडून स्वतः बघा. तिथं हेक्झ दिसतं ते आपल्या वाचनाच्या सोयीसाठी. मेमरीत नुसते बिट असतात. बाइट तेच, मग वेग बदलणार कुठून?

पत्ते हेक्झमध्ये लिहावेत, हे मलाही मान्य. पण लूप शंभरदा फिरवायचा तर १००च लिहा, ६४एच कशाला? आणि ८२५५ या इनपुट-आउटपुट चिपचा कंट्रोल वर्ड (तिचे पोर्ट कसे वागतील ते ठरवणारा बाइट) १०००००१०बी असा लिहिला, की डावीकडचा १ मोड सेटचा आणि उजवीकडून दुसऱ्या जागेवरचा १ पोर्ट बी इनपुटचा, हे नजरेलाच कळतं. ८२एच लिहिलं तर ते प्रत्येक वेळी मनात उलगडत बसावं लागतं.

आता शून्य. डॉसमध्ये लाइन फीड (पुढच्या ओळीवर नेणारं, १० क्रमांकाचं अक्षर) पाठवायचा आहे: एएच रजिस्टरमध्ये फंक्शन २ (एक अक्षर दाखवा), डीएलमध्ये दहा म्हणजे ०एएच (हेक्झमध्ये दहा म्हणजे ए), मग डॉसला हाक मारणारा इंटरप्ट २१एच. ते शून्य गाळलंत की उरतं एएच, आणि ते तर रजिस्टरचं नाव! असेंबलर चकार शब्द काढत नाही. डीएलमध्ये दहाऐवजी एएचमधला २ जातो आणि स्क्रीनवर भरीव हसरा चेहरा उमटतो. बीएच, सीएच, डीएच हीही रजिस्टरांची नावं, त्यांचीही हीच गत. एफएफएच लिहिलं तर निदान ‘असं नाव माहीत नाही’ अशी एरर तरी येते.

उलट बाजूही आहे. ग्नू असेंबलरमध्ये ०६४४ म्हणजे ऑक्टल (आठाच्या पायावरचा आकडा); नॅझम या दुसऱ्या असेंबलरमध्ये तेच साधे दशमान सहाशे चव्वेचाळीस, ऑक्टलमध्ये १२०४. लिनक्सवर फाइल कोणी वाचायची, कोणी लिहायची ही परवानगी ऑक्टल आकड्यानं देतात; फाइल तयार करताना नॅझममध्ये ती ०६४४ अशी दिलीत, तर मालकाला फाइलमध्ये लिहिता येतं, पण स्वतःचीच फाइल वाचता येत नाही. तिथं ६४४क्यू किंवा ०ओ६४४ असंच लिहावं लागतं.